परत करण्यासाठी घातलेले कडे: व्हिएतनामच्या युद्धकैद्यांच्या स्मरणाचे एक प्रकरण

१९७० च्या अखेरीपासून पुढची काही वर्षे अमेरिकेतील लाखो लोकांच्या मनगटावर धातूचे एक साधे कडे दिसत असे. व्हिएतनाम युद्धात पकडल्या गेलेल्या किंवा बेपत्ता झालेल्या, आणि घालणाऱ्याने बहुधा कधीही न पाहिलेल्या, एका माणसाचा हुद्दा, त्याचे नाव आणि तो हरवल्याची तारीख एवढाच मजकूर त्यावर कोरलेला असे. हा माणूस घरी येईपर्यंत कडे हातातून काढायचे नाही, असा संकल्प करून ते घातले जाई. आणि तो आलाच तर ते त्याच्याकडे पोचते करावे, अशी रीत पुढे पडली. युद्धाच्या स्मृतीसाठी आपण सहसा चौथरा बांधतो, शिला उभारतो, वर्षातून एकदा पुष्पचक्र वाहतो. त्यात स्मरणाची वस्तू एका जागी असते आणि माणसे तिच्याकडे जातात. या प्रकरणात वस्तूच माणसांकडे गेली, वर्षानुवर्षे त्यांच्याबरोबर हिंडली आणि शेवटी एका ठरावीक पत्त्याकडे निघाली. परतीची ही वाट तिच्यात आधीपासून होती म्हणूनच ती इतकी खोलवर रुजली, असे माझे मत आहे, आणि ज्यांच्यासाठी परतीची वाटच उरली नाही त्यांच्या नावाच्या कड्यांचे काय झाले, हा या प्रकरणातील सर्वांत अवघड भागही त्याच गोष्टीतून निघतो.

गप्प राहण्याचा सल्ला

अमेरिकेने उत्तर व्हिएतनामवर हवाई हल्ले सुरू केले तेव्हापासून पाडलेल्या विमानांचे वैमानिक हनोईतील (उत्तर व्हिएतनामची राजधानी) सरकारच्या हाती लागू लागले. ५ ऑगस्ट १९६४ रोजी पकडले गेलेले एव्हरेट अल्वारेझ हे त्यांतले पहिले. ते साडेआठ वर्षे कैदेत होते. युद्धकैद्यांना कसे वागवावे हे ठरवणाऱ्या जिनिव्हा कराराला उत्तर व्हिएतनामने १९५७ मध्ये मान्यता दिली होती, परंतु हे वैमानिक युद्धकैदी नव्हेत, युद्धगुन्हेगार आहेत, अशी भूमिका घेऊन त्याने कैद्यांची पूर्ण यादी दिली नाही, रेड क्रॉसच्या पाहणीला तुरुंग खुले केले नाहीत आणि पत्रव्यवहारही अगदी तुटपुंजा ठेवला. त्यामुळे शेकडो घरांत आपला माणूस जिवंत आहे की नाही, एवढेसुद्धा कळायला मार्ग नव्हता.

अमेरिकी सरकारचे या घरांना सांगणे असे की, बोभाटा करू नका, केलात तर तुमच्याच माणसाला त्रास होईल. बरीच वर्षे बहुतेकांनी ते ऐकलेही. नौदलाचे वैमानिक जेम्स स्टॉकडेल सप्टेंबर १९६५ मध्ये पकडले गेले होते. त्यांच्या पत्नी सिबिल स्टॉकडेल यांनी कॅलिफोर्नियात इतर अधिकाऱ्यांच्या पत्नींना एकत्र आणले आणि १९६८ मध्ये वृत्तपत्राशी उघडपणे बोलून ही शांतता मोडली. मे १९६९ मध्ये संरक्षणमंत्री मेल्विन लेअर्ड यांनी कैद्यांच्या छळाचा विषय पत्रकार परिषदेत मांडला, तेव्हा सरकारनेही आपले धोरण बदलल्याचे स्पष्ट झाले. १९७० मध्ये ‘नॅशनल लीग ऑफ फॅमिलीज’ ही नातलगांची संघटना रीतसर स्थापन झाली. पुढे जे घडले त्याचे श्रेय अनेकदा फक्त कड्याला दिले जाते. पण पतीचा पत्ता लागत नसताना घर सांभाळून मंत्र्यांच्या दारात उभ्या राहिलेल्या या स्त्रियांनी जमीन आधीच नांगरून ठेवली नसती, तर कडे रुजायला जागाच मिळाली नसती.

दहा नमुने आणि स्वयंपाकघरातला फोन

लॉस एंजेलिस परिसरातील ‘व्हॉइसेस इन व्हायटल अमेरिका’, म्हणजे ‘व्हिवा’, ही विद्यार्थ्यांची संघटना. युद्ध योग्य की अयोग्य या वादात न अडकता सैनिकांसाठी काही करता येईल का, याच्या शोधात तिचे कार्यकर्ते होते. १९६९ च्या अखेरीस दूरचित्रवाणीवरील निवेदक बॉब डॉर्नन यांनी कॅरोल बेट्स आणि तिच्या सहकाऱ्यांची बेपत्ता वैमानिकांच्या तीन पत्नींशी गाठ घालून दिली. डॉर्नन यांच्या हातात व्हिएतनाममधील डोंगराळ भागातल्या आदिवासींकडून मिळालेले एक कडे असे. त्या युद्धात माणसांनी जे भोगले त्याची आठवण ते आपल्याला देते, असे ते सांगत. तशीच कडी आपणही घालावीत असे कॅरोल बेट्स आणि के हंटर या दोघी विद्यार्थिनींच्या मनात आले. व्हिएतनामला जाऊन ती आणणे शक्य नव्हते, तेव्हा ती इथेच घडवावीत, असा विचार के हंटरने पुढे नेला.

सँटा मोनिकात घोड्यांच्या साजावरील चांदीवर कोरीव काम करणारे एक लहान दुकान होते. त्याच्या मालकाने दहा नमुने करून द्यायचे कबूल केले. त्यावर काय कोरायचे हे संघटनेच्या प्रौढ सल्लागार ग्लोरिया कॉपिन यांच्या स्वयंपाकघरात बसून ठरले, तेही कारागीर फोनवर ताटकळत असताना. हुद्दा, नाव आणि हरवल्याची तारीख याखेरीज दुसरे काही सुचायला वेळच नव्हता, असे कॅरोल बेट्स यांनी नंतर लिहून ठेवले आहे. मला ही घाई फार मोलाची वाटते. चार दिवस मिळाले असते तर त्या पट्टीवर एखादे घोषवाक्य आले असते, झेंडा आला असता, संघटनेचे चिन्ह तर नक्कीच आले असते, आणि मग ज्याला ती घोषणा पटत नाही त्याने कडे घातले नसते. नौदलाचे एक वैमानिक जॉन मॅकेन २६ ऑक्टोबर १९६७ रोजी हनोईच्या तळ्यात पडून पकडले गेले. त्यांच्या कड्यावर लेफ्टनंट कमांडर या हुद्द्याचे संक्षिप्त रूप, नाव आणि अमेरिकी पद्धतीने महिना आधी लिहिलेली ती तारीख आहे. पाहणाऱ्याला युद्धाबद्दल काय वाटावे, यावर त्यात एक अक्षर नाही.

पैसा उभा करताना या मुलांची दमछाक झाली. टेक्सासचे उद्योगपती रॉस पेरो यांच्याकडे दहा हजार डॉलर दहा टक्के व्याजाने मागून पाहिले, तिथे नकार मिळाला. अब्जाधीश हॉवर्ड ह्यूज यांच्या लास व्हेगासमधील सहायकांना जाऊन भेटले, त्यांनी सहानुभूती दाखवली पण पैसे दिले नाहीत. अखेर १९७० च्या उन्हाळ्याच्या शेवटी ग्लोरिया कॉपिन यांच्या पतीने १,२०० कडी होतील एवढे पितळ आणि तांबे दिले, आणि कारागिराने विक्रीतून जमेल तसे पैसे घेण्याची तयारी दाखवली. एका कड्याला खर्च सुमारे पाऊण डॉलर येणार होता. विद्यार्थ्याला जवळच्या चित्रपटगृहाचे तिकीट अडीच डॉलरला पडते, म्हणून निकेलचा मुलामा दिलेल्या कड्याची देणगी अडीच डॉलर ठरली. तांब्याचे कडे घातले की कोपराचे दुखणे कमी होते, असे मानणाऱ्या प्रौढांसाठी तांब्याची कडी केली आणि त्यांना तीन डॉलर लावले. ही समजूत आपल्याकडेही घरोघरी आहे, त्यामुळे तो हिशेब मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगायला नको.

सप्टेंबरमध्ये हे विद्यार्थी वॉशिंग्टनला नातलगांच्या मेळाव्याला गेले, तेव्हा आपल्या माणसाचे नाव कड्यावर यावे म्हणून पत्नी आणि आईवडील यांनीच मोठी उत्सुकता दाखवली. ११ नोव्हेंबर १९७०, माजी सैनिक दिनी, उपक्रम जाहीर झाला. पुढे दिवसाला १२,००० पेक्षा जास्त मागण्या येऊ लागल्या. नातलगांच्या स्थानिक गटांना कडी उधारीवर मिळत आणि विक्रीतला काही भाग त्यांच्या कामासाठी ठेवता येई. कॅरोल बेट्स यांनी या कामासाठी महाविद्यालय सोडले. प्रशासनाचा खर्च उत्पन्नाच्या वीस टक्क्यांच्या आत ठेवून या संघटनेने एकंदर सुमारे ५० लाख कडी वाटली. उपक्रमाच्या चोखपणाबद्दल बोलताना हा आकडा विसरता कामा नये, कारण एवढा पैसा हाताळणारे हात बहुतेक विशीतले होते.

बाहेरची नावे, आतली नावे

कड्यांच्या मागणीचा हा वेग केवळ प्रसिद्धीने समजावता येत नाही. ‘शेकडो कैदी’ म्हटले की माणूस हळहळतो आणि पुन्हा आपल्या कामाला लागतो. एकच नाव हातात आले की त्या नावाची चौकशी सुरू होते. वृत्तपत्रात यादी आली की माणूस आपल्या कड्यावरचे नाव शोधतो, भूगोलाच्या पुस्तकात हनोई कुठे आहे ते पाहतो, त्या अनोळखी घराला पत्र लिहितो. नावे अशी वाटली गेल्यामुळे ढोबळ मानाने एकेका नावाची हजाराहून अधिक कडी देशभर पसरली. ती शाळेत गेली, कारखान्यात गेली, झोपेत आणि अंघोळीतही हातातच राहिली. सततच्या वापराने मुलामा उडून खालचे पितळ दिसू लागे. वाकवून-वाकवून काही कडी तुटली, तेव्हा लोकांनी तीच पुन्हा जोडून घातली.

तुरुंगाच्या आतही नावेच जपली जात होती, आणि आत-बाहेरचा हा मेळ मला या संपूर्ण प्रकरणात सर्वांत विलक्षण वाटतो. हनोईच्या ह्वा लो तुरुंगात कैद्यांना एकमेकांशी बोलण्याची बंदी होती. त्यांनी भिंतीवर टकटक करून बोलण्याची लिपी बसवली: पाच ओळी, पाच स्तंभ, पंचवीस चौकटींत इंग्रजी अक्षरे, ‘के’ हे अक्षर गाळून त्याच्या जागी ‘सी’, आधीचे ठोके ओळ सांगत, नंतरचे स्तंभ. या ठोक्यांतून जे सर्वांत जास्त वाहत असे ते म्हणजे नव्याने आलेल्या कैद्याचे नाव. डग्लस हेगडाल हा तरुण खलाशी एप्रिल १९६७ मध्ये आपल्या युद्धनौकेवरून समुद्रात पडला आणि पकडला गेला. बावळट असल्याचे सोंग त्याने इतके बेमालूम वठवले की पहारेकऱ्यांनी त्याला बऱ्यापैकी मोकळे सोडले. त्याने अडीचशेहून जास्त कैद्यांची नावे एका बालगीताच्या चालीवर पाठ केली. कोणीही आधी सुटका स्वीकारायची नाही, हा कैद्यांचा आपसातला दंडक होता; तरीही ही नावे बाहेर गेली पाहिजेत म्हणून वरिष्ठांनी त्याला सुटका स्वीकारण्याचा हुकूम दिला, आणि ऑगस्ट १९६९ मध्ये तो नावांची ती यादी घेऊन मायदेशी पोचला. कागदाचा एक कपटाही त्याच्याजवळ नव्हता. पहिले कडे कोरले जाण्याच्या वर्षभर आधीची ही गोष्ट आहे.

परतीचा प्रवास

२७ जानेवारी १९७३ रोजी पॅरिसमध्ये शांतता करार झाला. १२ फेब्रुवारीला पहिल्या तुकडीची विमाने हनोईहून फिलिपिन्समधील क्लार्क हवाई तळावर उतरली आणि एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत एकंदर ५९१ अमेरिकी कैदी सुटून आले. त्यांत हवाई दलाचे ३२५, नौदलाचे १३८, भूदलाचे ७७, मरीन दलाचे २६ आणि २५ नागरी व्यक्ती होत्या. आजारी आणि जखमी आधी, मग जो आधी पकडला गेला तो आधी, असा सुटकेचा क्रम होता. मॅकेन यांची पाळी १४ मार्चला आली.

मग टपालाने कडी येऊ लागली. एकेका माणसाकडे ती शेकड्यांनी आली, सोबत पत्रे होती, काहींसोबत कडे घातलेल्या मुलांची छायाचित्रे होती. कोठडीत वर्षे काढलेल्या माणसाला आपले नाव इतक्या अनोळखी हातांवर होते हे असे कळले. येथे संकल्प पूर्ण झाला, वस्तू धन्याकडे पोचली. स्मरणाच्या वस्तूला असा स्पष्ट शेवट क्वचितच मिळतो.

पण आलेल्यांपेक्षा न आलेल्यांची संख्या कितीतरी मोठी होती. कैद्यांची सुटका पूर्ण झाली तेव्हा २,६४६ अमेरिकनांचा हिशेब लागायचा होता. त्यांच्या नावाची कडी घातलेल्यांनी काय करायचे, याचे उत्तर त्या संकल्पात नव्हते. ‘घरी येईपर्यंत’ या शब्दांत न येण्याची शक्यता धरलेलीच नव्हती. काहींनी कडे काढून खणात ठेवले, काहींनी दशकानुदशके घातले. १९७६ मध्ये ‘व्हिवा’ संघटना बंद झाली. लोकांना व्हिएतनामचे नाव नकोसे झाले होते.

कोणाचे नाव कोरले गेले नाही

या उपक्रमाचा गौरव करताना त्याच्या मर्यादाही पाहिल्या पाहिजेत. कड्यावर नावे होती ती अमेरिकेच्या बाजूची. त्याच युद्धात व्हिएतनामच्या बाजूचे जे सैनिक बेपत्ता झाले त्यांची मोजदाद लाखांत होते, आणि त्यांच्या आयाही वाट पाहतच होत्या. दक्षिण व्हिएतनामच्या ज्या सैनिकांना युद्धानंतर वर्षानुवर्षे छावण्यांत डांबले गेले, त्यांच्यासाठीही अमेरिकी मनगटावर जागा नव्हती. शिवाय कैद्यांचा प्रश्न पुढे करून राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे प्रशासन युद्ध लांबवत आहे, असा आरोप त्या वेळी युद्धविरोधकांनी केला, आणि तो पूर्णपणे निराधार म्हणता येत नाही. आपला मजकूर कितीही तटस्थ असला तरी वस्तू कोणाच्या हातात आहे यावर तिचा उपयोग ठरतो.

बेपत्ता माणूस अजून जिवंत असेल, ही आशा कड्याने जागती ठेवली, आणि तिची किंमतही घरच्यांनीच मोजली. १९९१ ते १९९३ या काळात जॉन केरी यांच्या अध्यक्षतेखालील सिनेट समितीने, जिचे पुढे सिनेटर झालेले मॅकेनही सदस्य होते, कोणी अमेरिकी अजून कैदेत जिवंत असल्याचा सबळ पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. हवाई दलाचे कर्नल चार्ल्स शेल्टन १९६५ मध्ये लाओसवर पाडले गेले होते. प्रतीक म्हणून त्यांची नोंद ‘युद्धकैदी’ अशीच ठेवली होती, तीही १९९४ मध्ये बदलून मृत अशी करण्यात आली.

भिंतीपाशी

१९८२ च्या नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टन येथे व्हिएतनाम स्मारकाची काळी भिंत खुली झाली, तेव्हा धनी न सापडलेल्या कड्यांना एक पत्ता मिळाला. भिंतीवरील ५८,००० हून अधिक नावांपैकी प्रत्येकाशेजारी एक खूण आहे. मृत्यू निश्चित असेल तर हिऱ्याच्या आकाराचा चौकोन, बेपत्ता असेल तर फुली. अवशेष सापडून ओळख पटली की फुलीवर हिरा कोरतात. माणूस जिवंत परतला तर फुलीभोवती वर्तुळ कोरायचे असे ठरले होते. असे वर्तुळ आजवर कोरावे लागलेले नाही. भिंतीच्या पायथ्याशी लोक जे ठेवून जातात त्यात ही कडी सतत असतात, आणि राष्ट्रीय उद्यान सेवेचे कर्मचारी ती उचलून, नोंद करून जतन करतात. फुलीचा हिरा झाला की काही जण आपले कडे त्या कुटुंबाला पाठवतात, तर काही स्वतः अंत्यविधीला जाऊन देतात.

ओळख पटण्याची प्रक्रिया किती वेडीवाकडी असू शकते, हे लेफ्टनंट मायकेल ब्लासी यांच्या उदाहरणावरून दिसते. त्यांचे विमान ११ मे १९७२ रोजी दक्षिण व्हिएतनाममधील ‘अन लोक’ या गावाजवळ पडले. काही अवशेष आणि ओळखपत्र काही महिन्यांत मिळाले, पण ओळखपत्र वाटेत गहाळ झाले. अवशेष नावापासून तुटले आणि १९८४ मध्ये वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन दफनभूमीत ‘अज्ञात सैनिक’ म्हणून दफन झाले. १९९८ मध्ये डीएनए तपासणीने ते ब्लासी यांचेच असल्याचे सिद्ध झाले आणि सेंट लुईसजवळ त्यांच्या नावासह त्यांचे पुन्हा दफन झाले. चौदा वर्षे एका ठिकाणी नावावाचून देह होता आणि दुसरीकडे बेपत्तांच्या यादीत देहावाचून नाव. व्हिएतनाम युद्धातील अमेरिकी बेपत्तांची संख्या आज दीड हजारांच्या थोडी वर आली आहे. शोध चालू आहे.

आपली यादी

हे प्रकरण वाचताना मराठी वाचकाच्या मनात फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे नाव आल्याशिवाय राहत नाही. डिसेंबर १९७१ च्या युद्धात पश्चिम आघाडीवर त्यांचे विमान पाडले गेले. पकडल्या गेलेल्या भारतीय वैमानिकांच्या बातमीत त्यांच्या आडनावाशी जुळणारे नाव पाकिस्तानी वृत्तपत्रात छापून आले होते. युद्धकैद्यांची अदलाबदल झाली तेव्हा मात्र ते आले नाहीत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या आणि अर्जुन पुरस्कारप्राप्त खेळाडू. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. त्यांनी आणि इतर नातलगांनी पुढची कित्येक दशके हा प्रश्न लावून धरला. १९७९ मध्ये लोकसभेत अशा सैनिकांची नावे सांगण्यात आली, आणि पुढे ५४ हा आकडा रूढ झाला. १९८३ मध्ये आणि पुन्हा २००७ मध्ये नातेवाइकांना पाकिस्तानातील तुरुंगांत नेण्यात आले. त्यांना आपले कोणी तिथे दिसले नाही.

या घरांना सिबिल स्टॉकडेल यांच्यासारखी चिकाटी कमी पडली, असे कोणी म्हणू शकणार नाही. कमी पडली ती घराबाहेरच्या माणसांची साथ. हुद्दा, नाव आणि हरवल्याची तारीख ही कड्याला पुरेल एवढी माहिती ५४ जणांबाबत उपलब्ध आहे, आणि ती एका अरुंद पट्टीवर कोरून देणारे कारागीर कुठल्याही गावच्या बाजारपेठेत मिळतात. अमेरिकेत नातलगांच्या संघटनेने आणि विद्यार्थ्यांनी वाटून घेतलेले काम, म्हणजे नावे देणे, कडी पोचवणे, हिशेब ठेवणे आणि एखाद्याचा ठावठिकाणा लागला तर त्याच्या नावाची कडी गोळा करून घरच्यांकडे नेणे, ते आपल्याकडे एखाद्या महाविद्यालयातील राष्ट्रीय छात्र सेनेच्या तुकडीला माजी सैनिकांच्या मदतीने सहज पेलेल. सुरुवातीला ५४ कडी पुरतील. मात्र अमेरिकी संकल्पात राहून गेलेले कलम आपल्या संकल्पात पहिल्या दिवसापासून असले पाहिजे: माणूस आला नाही आणि घालणाराही राहिला नाही, तर कडे कोणाच्या हाती सोपवायचे, हे ते घेतानाच लिहून ठेवायचे.